चौथ्या मजल्यावरची माती

वृंदाने पहिल्या मजल्यावरच्या वायरींच्या डक्टचं दार ओढलं तसा काजळीचा एक पापुद्रा सुटून तिच्या पायावर पडला. टॉर्च दातांत धरून ती गुडघ्यांवर बसली, जळक्या वायरींचा जुडगा कोपराने बाजूला सारला आणि स्क्रू-ड्रायव्हरने डक्टच्या तळाशी टोचून पाहिलं. तिथे भोक असायला हवं होतं. अंगठा सहज जाईल एवढं, कडा फुटलेलं. बाबांनी फोनवर माप दिलं होतं, बत्तीस मिलिमीटर. पण स्क्रू-ड्रायव्हर आत गेला नाही. टक्क आवाज झाला आणि राखाडी भुकटी सुटली.

तिने ती चिमटीत घेऊन चोळली. सिमेंट नव्हतं. सिमेंट इतकं मऊ लागत नाही. काठाने मात्र सगळीकडे भेगा होत्या, आणि केबलच्या भोवती नखभर फट. त्या फटीतून वर आलेल्या धुराने भिंतीवर काळा पंखा उमटला होता.

शेजारी लादीवर तक्ता पडला होता. मजला, स्लॅबमधली भोकं, भरलेली आहेत का, कोणत्या मालाने. फायर ऑडिटसाठी सोसायटीने तो भरून द्यायचा होता. "तुला केबलमधलं कळतं, तूच भर," असं अध्यक्ष म्हणाले, आणि मग बाबांचं तेरावं परवाच झाल्याचं आठवून ओशाळले. वृंदा हो म्हणाली होती. तिला तक्त्याचं काही नव्हतं. तिला डक्टची पाचही दारं उघडून बघायची होती.

आग लागली ती शुक्रवारी, चार एप्रिलला, दुपारी चारनंतर, तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत. आग तिथेच राहिली, धूर राहिला नाही. तो डक्टमधून चढला, आणि डक्टमधून प्रत्येक घरात वायरींची नळी जाते. पेणमधल्या त्या पाच मजली इमारतीतलं एकच माणूस गेलं, वृंदाचे बाबा, विष्णुसर. एकाहत्तर वर्षांचे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. राहायला पहिल्या मजल्यावर, फाटकापासून अठरा पायऱ्यांवर. सापडले चौथ्या मजल्यावर, डक्टच्या दाराशी. आईला, हेमांगीबाईंना, शेजाऱ्यांनी घरातून ओढून खाली नेलं. त्या दिवसापासून आई एकच विचारत होती. रडत नव्हती. तांदूळ निवडता निवडता, दाराची कडी लावता लावता मध्येच थांबून विचारायची.

"मला घरात ठेवून ते वर कशाला गेले?"

भेटायला आलेलं कुणीतरी तिसऱ्या दिवशी बोलून गेलं होतं, की आयुष्यभर विज्ञान शिकवलं, हातात ओलं फडकं होतं, आणि नाकाला लावायचं सुचलं नाही. आईने तेही ऐकलं होतं.

वृंदाने भुकटी रुमालात बांधली आणि ती जिना उतरली.

इमारतीच्या मागे इंदुबाईंची गणपतीची शेड होती. इंदुबाई पाटावर बसून एका मूर्तीचं सोंडेचं वळण ओल्या बोटाने सारखं करत होत्या. कोपऱ्यातल्या बोर्डाला एक जुना मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. तो बाबांचा. इमारतीत वीज अजून आलेली नव्हती. आई रोज सकाळी तो इथे आणून द्यायची आणि दुपारी घेऊन जायची.

"मावशी, ही माती कसली आहे?"

इंदुबाईंनी रुमाल उजेडात धरला, भुकटीत थोडी थुंकी कालवली, चोळली.

"कसली काय गो, शाडू हाय. आमचीच."

"आमच्या डक्टमध्ये सापडली."

"सापडंल नायतर काय. सर न्यायचे ना. चार-पाच दिसांनी एक गोळा, दुधाच्या पिशवीत." त्यांनी हात पुसला. "म्यां इचारलं, सर, म्हातारपणी गणपती करताव का? तर हसले. म्हनले, भोकं बुजवतोय. म्हटलं, शाडू वाळली का चिरनार. तर म्हनले, माझी लेक पन हेच म्हनते. मंग वाळूच द्यायची नाय."

वृंदाने रुमाल परत घेऊन गाठ मारली.

"मंग मीच शिकवलं त्यास्नी. आमी अर्धी मूर्ती ओल्या फडक्याखाली ठेवतो, तशी ठेवा. रोज पानी मारा, भेग दिसली का नवी माती दाबा. लेक पुट्टी आनतेय म्हनले, तवर चालंल." इंदुबाई थांबल्या. "बाईंना सांगू नका म्हनले व्हते. बाई लेकीला फोन करून बोलतील, तिला तिकडं कामाचा ताप हाय, म्हनले. आता नाय सांगून काय करू?"

"बरं केलंत सांगितलंत," वृंदा म्हणाली. रुमालाची गाठ तिने पुन्हा बांधली. ती आधीच बांधलेली होती.

वृंदा रोह्याला खोली घेऊन राहायची आणि धाटावच्या एका कंपनीत काम करायची. तिथे केबलच्या आवरणासाठी प्लास्टिकचे दाणे बनत. तिचं काम ते जाळण्याचं. ग्रॅमभर माल भट्टीतल्या नळीत जाळायचा, निघालेला वायू शुद्ध पाण्यातून सोडायचा आणि पाणी किती आम्ल झालं ते मोजायचं. चांगल्या मालाचं पाणी पाण्यासारखंच राहतं. साध्या पीव्हीसीचं लिंबाच्या रसाहून आंबट होतं. दुसरी चाचणी धुराची. तीन मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच अशी बंद खोली, एका भिंतीला दिवा, समोर मोजणारा डोळा. मधे केबल जळते. कायदा सांगतो तसा माल असला तर निम्म्याहून जास्त उजेड पार पोचतो. साध्या मालाच्या धुरात दिवा बघता बघता नाहीसा होतो. एका रविवारी तिने बाबांना हे सांगितलं तेव्हा ते जेवणाचा हात तसाच ठेवून ऐकत बसले होते.

"म्हणजे माणूस जळून नाही मरत," ते म्हणाले होते. "त्याला दार दिसत नाही म्हणून मरतो."

अठरा मार्चला त्यांचा फोन आला. इंटरनेटवाल्याने नवी केबल टाकायला पाचही मजल्यांच्या स्लॅबमध्ये, डक्टच्या तळाशी, भोकं पाडली होती आणि तशीच सोडली होती. धूर चढायला शिडीच झाली, नाही का, असं त्यांनी विचारलं. एखादा मुलगा उत्तर बरोबर आलं का विचारतो तसं.

"हो बाबा. पण माती-बिती लावू नका हं. वाळली की आकसते, कडेने फट राहते. त्याला वेगळी पुट्टी असते, तापली की फुगते आणि भोक आणखी घट्ट बसतं. मी आणते."

"कधी?"

"दोन दिवसांत."

दोन दिवसांचे सोळा झाले. पुट्टीचे डबे गुरुवारी, तीन तारखेला कंपनीत आले. शुक्रवारी शिफ्ट होती, डबे जड होते. तिने ते लॉकरमध्ये ठेवले. शनिवारी पेणला जायचंच होतं. गुरुवारी संध्याकाळीच फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "वा! म्हणजे दोनच दिवस राहिले." तिला तो उतावळेपणा वाटला होता.

दुसऱ्या मजल्यावर डक्टसमोर एक तरुण उभा होता, खांद्यावर केबलचं वेटोळं. तिला बघताच तो दोन पायऱ्या खाली सरकला.

"ताई, मी साहिल. नेटवाला. गडब गावचा. जळलेली केबल काढाया पाठवलंय."

"भोकं तू पाडलीस?"

"व्हय." त्याने मान खाली घातली नाही. "ड्रिल मीच मारली. पाच. सर आले, बोलले, साहिल, ही बंद कोन करनार? मी ऑफिसात बोललो, बुजवाया कायतरी द्या. ते बोलले, तुझं काम केबल टाकायचं हाय, गवंडीकाम नाय."

वृंदाने दार उघडलं. इथेही तेच. माती, भेगा, भिंतीवर काळा पंखा.

"मी परत आलो व्हतो, ताई. सिमेंट घेऊन, माझ्या पदरचं. सर ओरडले पन नायत. बोलले, राहू दे. माझी मुलगी चांगला माल आनतेय, तिचं तेच काम हाय. लय कौतुकानं बोलले." त्याने वेटोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी लावून टाकलं आसतं ना सिमेंट, तर?"

ते उत्तर तिला ठाऊक होतं. सिमेंटने धूर अडला असता. नवीन केबल टाकताना कुणीतरी पुढे ते फोडलं असतं, पण ते पुढे.

"माहीत नाही," ती म्हणाली.

साहिलने वेटोळं सावरलं. मग केबल नंतर काढतो म्हणत खाली गेला. त्याच्या पावलांचा आवाज संपेपर्यंत तिने तक्त्यात काही लिहिलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या आतल्या बाजूला तिला काही रेघा दिसल्या. टॉर्च तिरपी धरली तेव्हा काजळीखाली अक्षरं उमटली. बाबा पेन्सिल दाबून लिहायचे. त्यांच्या वह्यांची पानं मागून खरबरीत लागत. इथे दाराच्या पांढऱ्या रंगावर त्यांनी पट्टीने तीन रकाने आखले होते, प्रयोगवहीत आखतात तसे. दिनांक. भेग, मिमी. पाणी. एकोणीस मार्चपासून एकेक ओळ, पाणी दिल्यावर शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण. कुठे दीड मिलिमीटर, कुठे दोन. अठ्ठावीस तारखेला "३, ऊन फार". शेवटची ओळ तीन एप्रिलची होती.

तिने तळाशी बोट फिरवलं. चार तारखेला इथे पाणी मिळालं नव्हतं. आदल्या दिवशीची ओल एप्रिलच्या उन्हात टिकणार ती किती!

मग ते वर गेले तरी का? तिसरा टाकून चौथ्यावर?

चौथ्या मजल्यावर लादी धुतलेली होती, तरी दाराशी एका जागी वृंदाचा पाय अडखळला. ती भिंतीच्या कडेने गेली. दार उघडलं. खाली सगळीकडे होता तो काळा पंखा इथे नव्हता. केबलच्या लगत वीतभर काजळी, त्याच्या वर भिंतीचा राखाडी चुना जसाच्या तसा. दाराच्या आत बाबांनी आखलेले तेच रकाने, आणि त्यांतली शेवटची ओळ:

४ एप्रिल. २.

तिसरा रकाना रिकामा होता.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग उठली, पाचव्या मजल्यावर गेली, तिथलं दार उघडलं. डक्ट स्वच्छ होता, कोळ्याच्या जाळ्यासकट. माती आता वाळली होती, पण पृष्ठभाग गुळगुळीत होता. दारावर शेवटची ओळ: ४ एप्रिल. २. आणि खूण.

म्हणजे ते वरून खाली येत होते. गुडघे दुखायचे, म्हणून लिफ्टने वर जायचं आणि एकेक मजला उतरत यायचं. पाच, चार, तीन, दोन, शेवटी आपला पहिला.

आवाज ऐकून समोरचं दार उघडलं. प्रतिक्षा, कडेवर तीन वर्षांची किमया. तिने वृंदाला आत बोलावलं, वृंदाने मानेनेच नको म्हटलं.

"त्या दिवशी तुमच्याकडे कितीसा धूर आला?"

"जिन्यात होता, म्हणून दार उघडलं नाही. घरात नाही आला. खालच्यांच्या स्विचबोर्डांतून भसाभस आला म्हणे, आमच्याकडे वाससुद्धा नाही. ही तर झोपली होती. बंबवाल्यांनी गॅलरीतून उतरवलं." प्रतिक्षाने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "नशीब बाई आमचं."

वृंदा परत चौथ्या मजल्यावर आली. एक गोष्ट राहिली होती. इथे पाणी पोचलं नव्हतं, दोन मिलिमीटरची भेग नोंदलेली होती, मग धूर वर का गेला नाही? ती पोटावर आडवी झाली आणि डोकं डक्टमध्ये घातलं. मातीचं बूच इथे जाड होतं. बाकी मजल्यांवर चापून बसवलेलं, इथे घाईने थापलेलं, ढिगासारखं. वर कापडाच्या विणीचा ठसा होता, उभे-आडवे धागे मोजता येतील इतका स्वच्छ. कुणीतरी ओल्या फडक्याने तळहात टेकून जोर लावला होता.

तिने स्क्रू-ड्रायव्हर कडेला घालून उचकटलं. मुठीएवढा तुकडा निघाला. तो तिने टॉर्चच्या उजेडात फिरवला.

खाली राखाडी माती. वर राखाडी माती. मधे केसाएवढी काळी रेघ.

तिने रेघेवर नख घासलं. काजळी. भट्टीच्या नळीत रोज बघते ती. नख काळं झालं. इतकी काजळी बसायला मिनिट लागतं, फार तर दोन. म्हणजे नोंद केली, मग भेगेतून धूर येताना दिसला, तो त्यांनी पाहिला, आणि मग पिशवीतली सगळी माती काढून त्यावर दाबली. घट्ट बसेपर्यंत दाबून धरली. तेवढ्यात खालच्या तीन मजल्यांवरच्या डक्टच्या दारांतून जिना धुराने भरत होता. वर सोळा पायऱ्यांवर पाचवा मजला, त्याच्या वर उघडी गच्ची. ओलं फडकं एकच होतं.

कोणता धूर आहे, तो काय करतो, दिवा किती वेळात दिसेनासा होतो, हे त्यांना माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं, एका रविवारी, वरणभात थंड होईस्तोवर.

वृंदा तशीच आडवी पडून राहिली. गाल लादीला टेकलेला. बऱ्याच वेळाने उठून भिंतीला टेकली, तुकडा रुमालात बांधला आणि तक्ता मांडीवर घेतला. स्लॅबमधली भोकं: एक. भरलेली आहेत का. नियमात तपासलेला, प्रमाणित माल असेल तरच भोक भरलेलं धरतात. तिने पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली. नाही. नाही. नाही. चौथ्या ओळीवर पेन बराच वेळ टेकून राहिलं आणि तिथे शाईचा ठिपका पडला. मग तिने लिहिलं, नाही. पाचवा, नाही. मालाच्या रकान्यात पाचही ठिकाणी एकच शब्द लिहिला, शाडू.

घरात शिरली तेव्हा आई बाबांच्या फोटोसमोर बसली होती. मोबाइल शेडमधून आणून टेबलावर ठेवलेला. वृंदाने तोंड धुतलं, पण नखातली रेघ गेली नाही. ती आईशेजारी बसते न बसते तोच मोबाइल वाजला. चार वाजले होते. आईने तो बंद केला, उठून बाबांची बाटली माठाच्या पाण्याने भरली आणि फोटोपुढे ठेवली. दोन आठवडे ती हेच करत होती.

"हा गजर लागला की बाटली भरून निघायचे," आई म्हणाली. "पाय मोकळे करून येतो म्हणायचे. पाऊण तासाने यायचे, बाटली रिकामी. इतकं पाणी कसं पितात, वाटायचं मला." तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. "सांग ना, मला ठेवून वर कशाला गेले?"

"वर गेले नव्हते, आई. खाली येत होते."

आईने तिच्याकडे पाहिलं.

वृंदाने रुमाल सोडला आणि तुकडा आईच्या ओंजळीत ठेवला. मग सगळं सांगितलं, आधी मजले, मग माती, दारावरचे रकाने, फडक्याचा ठसा, मधली रेघ. प्रयोगाची कृती सांगावी तसं, क्रमाने, एकही पायरी न गाळता. शेवटच्या पायरीपाशी ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"पुट्टी आलेली होती. गुरुवारीच. माझ्या लॉकरमध्ये होती."

आई तुकडा उलटसुलट करत राहिली. रेघेवरून अंगठा फिरवला, परत फिरवला. बाहेर शेडमध्ये कुणीतरी माती मळत होतं, थप थप आवाज येत होता.

मग आईने तुकडा फोटोपुढे ठेवला आणि तिथली बाटली उचलली. मोरीतून एक फडकं आणलं, भिजवलं, पिळलं. वृंदाकडे न बघता ते तिच्या हातात दिलं.

"तिसऱ्यापासून पाणी द्यायचं राहिलंय ना?"

वृंदाने मान हलवली.

आईने पदर खोचला, बाटली काखेत धरली आणि कठड्याला धरून काळवंडलेला जिना चढू लागली.